न जिंकलेला घास

एका राज्यात एक राजा होता. राज्याचं नाव विचारू नका. नाव कळलं की लोक शोधायला निघतात, आणि तिथला रस्ता पायी जाणाऱ्याला सापडत नाही. राज्यात एक नदी होती, सात टेकड्या होत्या, आणि टेकड्यांएवढे हत्ती होते. हत्ती झोपले की कुठली टेकडी आणि कुठला हत्ती, हे परक्या माणसाला ओळखू येत नसे. राजाचं नाव सुबाहू.

त्या राज्याची एक रीत होती. शर्यत असो, कुस्ती असो, पतंगांची काटाकाटी असो, जिंकेल त्याला राजा आपल्या हातानं एक घास भरवी. वाड्याच्या मोठ्या पायरीवर चांदीचं ताट येई. राजा उजवी बाही वर सारी, दहीभात कालवी, आणि जिंकणारा गुडघे टेकून तोंड उघडी. ह्याला म्हणत जयघास. दुसरं बक्षीस नसे. तरी त्या एका घासासाठी माणसं टेकड्या पळत चढत. हरणाऱ्यांनी आपापल्या घरी जाऊन जेवावं. राजाचा उजवा हात जयवंतांसाठीच राखलेला. त्यानं दुसऱ्या कुणाला म्हणून भरवायचं नाही, पोटच्या लेकरालाही नाही. पणजोबांचा नियम होता, आणि पणजोबांना विचारायला जाणार कोण!

राजाला एकच मुलगी, शरावती. ती पाळण्यात असतानाच तिची आई गेली. दाईनं तिला वाढवलं. मुलगी गुणाची, फक्त दही समोर आलं की नाक मुरडायची.

तिचे दुधाचे दात पडायचे होते तेव्हाची गोष्ट. वाड्याच्या अंगणात सरदारांच्या मुलांची शर्यत लागली होती. शरावती मांजराच्या मागे धावत मध्येच घुसली. मांजर पहिलं आलं, शरावती दुसरी, सरदारांची मुलं मागून धापा टाकत. मांजराला गुडघे टेकायला सांगून पाहिलं, ते ऐकेना. तेव्हा राजानं घास शरावतीला भरवला.

राजाची बोटं तिच्या ओठांना लागली. डाव्या हातानं त्यानं तिची मान सावरली. हनुवटीवर दह्याचा ठिपका राहिला होता, तो अंगठ्यानं पुसला. एवढंच झालं. शरावतीनं त्या दिवशी नाक मुरडलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजा जेवायला बसला, तर ही समोर. तोंड उघडून उभी.

राजानं विचारलं, "आज काय जिंकलंस?"

शरावतीनं तोंड मिटलं, आणि ती पळत बाहेर गेली. काहीतरी जिंकायला.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. आधी सरदारांची मुलं हरली, मग सरदार हरले, मग सरदारांचे घोडे. सारीपाटात राजगुरू हरले आणि पगडी उतरवून मठात जाऊन बसले. पाण्यात श्वास रोखून बसण्यात म्हैस हरली. एकदा राजवैद्यांना सर्दी झाली होती. ते बिचारे दरबारात शिंकले, तर हिनं त्यांच्याहून मोठ्या शिंका काढून दाखवल्या आणि राजाकडे पाहिलं.

दाई म्हणे, "अगं बाई, अशी काय धावतेस? मागे कोण लागलंय?"

"मागे कुणी नाही, दाईआई. पुढे कुणी असता कामा नये."

प्रत्येक जयाला एक घास मिळे. आणि घास तो केवढा! पायरी उतरेपर्यंत संपून जाई, आणि खालच्या पायरीवर पुन्हा भूक उभी असे.

शरावती मोठी झाली. त्या वर्षी नदीवर पोहण्याची शर्यत ठरली. पैलतीर गाठून परत यायचं. सगळ्यांना ठाऊक होतं कोण जिंकणार. पण नावाड्याची मुलगी तापी पाण्यात उतरली, आणि अशी सरसर गेली की पाण्याला कळलंसुद्धा नाही. काठाला हात आधी तापीचा लागला. शरावती वेणीभर मागे राहिली.

चांदीचं ताट आलं. तापीनं गुडघे टेकले. राजानं तिची मान सावरली, घास दिला, आणि हनुवटीवरचं दही अंगठ्यानं पुसलं. शरावती ओल्या कपड्यांनी उभी राहून तो अंगठा बघत होती.

त्याच ओल्या कपड्यांनी ती चालू लागली. सातव्या टेकडीच्या पलीकडे कालजंघ नावाचा मांत्रिक गुहेत राहत असे. त्याची दाढी इतकी लांब होती की तिच्यात चिमण्या घरटी करत, आणि तो पिल्लं उडेपर्यंत मान हलवत नसे.

"काय हवं?" कालजंघानं विचारलं.

"कधीच हरायचं नाही."

कालजंघानं धुराच्या रंगाचं एक कंकण पुढे केलं. "हे हातात असेतोवर हरणार नाहीस."

"किंमत?"

"तुझ्याकडून घेणार नाही."

आता तुम्ही असता, मी असतो, तर विचारलं असतं, मग कुणाकडून? पण ज्याला पहिलं यायचं असतं त्याला प्रश्न पुरा करायलाही वेळ नसतो. शरावतीनं कंकण मनगटात चढवलं आणि ती धावत सुटली.

मग काय विचारता! वसंत आला तर कोकिळेशी गाण्यात जिंकली. कोकिळा दुसऱ्या राज्यात गेली. वाऱ्याशी पळण्यात जिंकली. वारा रुसून टेकड्यांच्या मागे बसला, आणि शिडांच्या नावा हातानं ओढाव्या लागल्या. सगळं तीच जिंकणार म्हटल्यावर लोक पळेनासे झाले, गाईनासे झाले. मुलं लगोरी रचत आणि फोडल्यावाचूनच घरी जात.

आणि घास गार लागू लागला. पहिल्या जयाला राजाची करंगळी आखडली. दुसऱ्याला अनामिका. वैद्यांनी तेल चोळलं, तर तेल ओघळून गेलं. दगडावर तेल थांबत नाही. शरावतीला वाटे, म्हातारपण असेल. होता होता पतंगाची काटाकाटी झाली, ती जिंकली, पायरीवर गुडघे टेकून तोंड उघडून बसली, आणि राजाचा हात ताटातून उठलाच नाही. मनगटापर्यंत काळा कातळ झाला होता.

"महाराज?" शरावती म्हणाली. दरबारात ती त्याला महाराजच म्हणे.

"उचलत नाही, बाळ," राजा म्हणाला.

शरावती आपल्या दालनात आली. खिडकीत एक साळुंकी पिसं साफ करत बसली होती.

"झालं समाधान?" साळुंकी म्हणाली. पक्षी बोलला ह्याचं तिथे कुणाला नवल नसे. नवल, तो वेळेवर बोलला तर. "ज्या हातासाठी जिंकावं, त्याच हातातून ह्या कंकणाची किंमत वसूल होते. मी कालजंघाच्या पिंजऱ्यात होते. त्याच्या गुहेत फडताळं आहेत, आणि फडताळांवर हात मांडलेत. आयांचे, बापांचे, गुरूंचे. सगळे दगडाचे. दर जयाला दगड चढत जातो. काळजापर्यंत पोचला की माणूस जन्माचा अंथरुणाला खिळला, आणि हात कालजंघाच्या फडताळावर."

शरावतीनं विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू मला शीळ घालण्यात हरवलंस ना? अबोला धरला होता मी."

शरावतीनं कंकण ओढलं. निघेना. लोहारानं घण घातला, तर घणाचे दोन तुकडे झाले. कंकण घणाशीही जिंकलं, आणि राजाच्या मनगटावर बोटभर दगड चढला.

"कसं निघेल?" तिनं विचारलं.

साळुंकीनं मान वाकडी केली. "न हरण्याचं कंकण आहे. हरलीस की गळून पडेल, दुसरं काय!"

सोपं वाटलं शरावतीला. हरायला काय लागतं? ती निघाली, आणि साळुंकी तिच्या खांद्यावर बसली.

वाटेत तळं लागलं. तळ्याकाठी एक कासव होतं, इतकं सावकाश की त्याच्या पाठीवर तुळशीएवढी झुडपं उगवली होती.

"कासवदादा, त्या वडापर्यंत शर्यत लावू," शरावती म्हणाली.

"लावू की," कासव म्हणालं. "पण जेवून निघू या का?"

कासव निघालं. शरावती जागची हलली नाही. मांडी घालून बसली, वर ओढणीनं स्वतःला झाडाशी बांधून घेतलं. कासव वडापाशी पोचणार, इतक्यात आभाळातून दोन डोक्यांचा गंडभेरुंड झेपावला आणि झाडासकट तिला उचलून घेऊन गेला. एक डोकं म्हणालं, आधी मी खाणार. दुसरं म्हणालं, आधी मी. त्या भांडणात पंजा सुटला, आणि शरावती वडाच्या पलीकडे धपकन पडली.

"छान पळतेस," कासव म्हणालं.

साळुंकी वाड्यावर जाऊन बघून आली. "कोपरापर्यंत," ती म्हणाली.

पुढे खाऱ्या सरोवरापाशी एक राक्षस राहत होता. त्याला सारीपाटाचा नाद होता, आणि जन्मात एक डाव तो जिंकला नव्हता. समोर बसणारा माणूस तो खाऊन टाकी, पण आधी मान खाली घालून हार कबूल करी. त्या बाबतीत सच्चा होता.

"माझ्याशी खेळतोस?" शरावतीनं विचारलं.

"हरवून वर हसशील," राक्षस म्हणाला.

"मला हरवलंस तर पाया पडेन तुझ्या."

राक्षसाचे डोळे पाणावले. डाव मांडला. शरावतीनं उलटी दानं मागितली, ती सुलटी पडली. तिनं डोळे मिटून फासे सरोवरात भिरकावले, तर माशांनी ते तोंडात धरून वर आणले, आणि दान पडलं तेच, जे तिला नको होतं. तरी राक्षसाची शेवटची सोंगटी घरात जायची राहिली होती. हातभर अंतर. आनंदानं त्याला काही सुचेना. बावरून त्यानं सुपारी समजून ती सोंगटी तोंडात टाकली आणि चावून गिळली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"असंच होतं माझं," राक्षस म्हणाला, आणि हुंदके देऊ लागला. तिला खायचंही विसरला.

साळुंकी जाऊन आली. "खांद्यापर्यंत. राजा डाव्या कुशीवर झोपतो आता. उजवी कूस जड झाली आहे."

आता उरली एकच जागा, जिथे शरावती कंकण नसताना हरली होती. ती नदीवर आली.

तापी काठावर जाळं दुरुस्त करत बसली होती. राजकन्येला बघताच उठून उभी राहिली.

"तापी, पोहायला चल."

"नको राजकन्ये. आता आमच्याकडची मुलं पाण्यात उतरायच्या आधी विचारतात, राजकन्या येणार नाही ना?"

"मला हरव. एकदाच. पाया पडते."

"तुम्ही पाया नका पडू बाई, मला घाम फुटतो," तापी म्हणाली, आणि पदर खोचून पाण्यात शिरली.

शरावतीनं कमरेला दगड बांधले होते. तापी पुढे गेली. पैलतीर शिवून परत फिरली, काठ जवळ आला. शरावतीला वाटलं, सुटले. तेवढ्यात तापी दिसेनाशी झाली. तिचा पाय खालच्या वेलींत अडकला होता.

थांबली असती शरावती, तर कंकण हरत होतं की नाही, कोण जाणे. पण ती थांबली नाही. कमरेचे दगड सोडले, बुडी मारली, वेली दातांनी तोडल्या आणि तापीला ओढत काठाकडे आणलं. ओढणाऱ्याचा हात काठाला आधी लागतो. तो लागला.

साळुंकी उडाली आणि लगेच परतली. तिचा आवाज बदलला होता. "छातीशी आलाय, शरावती. श्वास घेताना दगडावर दगड घासल्यासारखं वाजतंय. पुढच्या जयाला काळीज."

शरावती वाळूत पडून राहिली.

तापीचा बाप धावत आला. त्यानं लेकीला घोंगडीत गुंडाळलं, मांडीवर ओढलं, फडक्यातून भाकरी काढली, माशाचा काटा बोटांनी चाचपून काढला आणि तुकडा तिच्या तोंडात घातला.

शरावती बघत होती. न राहवून ती म्हणाली, "ती जिंकली नाही. मी जिंकले."

"असेल," नावाडी म्हणाला. त्याचं लक्ष काट्यांत होतं.

"मग तिला का भरवतोस?"

नावाड्यानं वर पाहिलं. प्रश्न त्याला कळला नाही. "भिजलीय ती," तो म्हणाला. मग शरावतीकडे नीट पाहून म्हणाला, "तू पण भिजलीयस की, पोरी. ये अशी. शेकोटीजवळ सरक."

आणि त्यानं एक तुकडा तिच्याही पुढे धरला.

शरावतीनं तो खाल्ला. भाकरी जरा करपली होती. कंकण तिच्या मनगटावर अगदी थोडं हललं, जशी झोपेतल्या मुलानं कूस बदलावी.

साळुंकी तापीच्या घोंगडीवर येऊन बसली. मान खाली घालून म्हणाली, "माझं चुकलं ग. हरण्यात नव्हतं ते."

"मग कशात?"

"सगळं पक्ष्यांनीच सांगायचं का?"

शरावती उठली. धावली नाही. तिला धावायची भीती वाटत होती. वाटेत कुणी धावत असलं तर तीही शर्यत व्हायची. पोरं पुढे गेली, म्हाताऱ्या पुढे गेल्या, एक गोगलगाय बराच वेळ बरोबरीनं चालली. दिवेलागणीच्या सुमारास ती वाड्यात पोचली.

राजा जेवायला बसला होता. जेवत नव्हता. उजवी बाजू काळ्या पाषाणाची, डाव्या बाजूला माणूस. मागे प्रधान, वैद्य, दाई. समोर चांदीचं ताट तसंच. शरावती ताटापलीकडे जाऊन उभी राहिली. केसांतून अजून पाणी गळत होतं.

राजानं तिच्याकडे पाहिलं. सवयीनं त्याच्या ओठांवर तेच आलं. "आज काय जिंकलंस?"

"काही नाही, बाबा," शरावती म्हणाली. "भूक लागलीय."

बाबा हा शब्द त्या दालनात प्रथमच ऐकू आला होता. ती ताटाशी बसली, आणि दुधाचे दात असताना उघडलं होतं तसं तिनं तोंड उघडलं.

प्रधान पुढे झाला. "राजकन्ये, न जिंकता जयघास मागणं हा पणजोबांच्या नियमाचा..."

"प्रधानजी," राजा म्हणाला, "जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पडला होता, कातळासारखा, कातळच. मग त्यानं डावा हात ताटात घातला.

"महाराज! डावा हात!"

"उजवा राखलेला होता," राजा म्हणाला. "हा रिकामाच होता इतकी वर्षं."

डाव्या हाताला भात कालवायची सवय नव्हती. दही ओघळलं, शितं सांडली, अर्धा घास तिच्या गालाला लागला, एक शीत नाकावर गेलं. उरलेला तोंडात पडला. शरावतीनं तो सावकाश चावला. ह्या घासाच्या मागे कुणी हरलं नव्हतं. पुढेही कुणी हरायचं नव्हतं.

कंकण मनगटावरून घसरलं, फरशीवर घरंगळत दारापर्यंत गेलं, आणि तिथे धुराचं होतं त्याचा धूर झाला.

राजाच्या छातीत काहीतरी तडकलं. खांद्यावरून खपल्या पडल्या, कोपरावरून पडल्या, मनगटावरून पडल्या. शेवटी राहिला अंगठा. तो मोकळा होताच राजानं पहिलं काम केलं ते तिच्या हनुवटीवरचं दही पुसण्याचं.

दाईनं पदर डोळ्यांना लावला. वैद्य म्हणाले, तेलानं गुण आला.

मग दालनात दोघंच उरली.

राजा म्हणाला, "तू रोज जिंकून यायचीस. मला वाटायचं, तुला जिंकायला आवडतं."

"तुम्ही रोज विचारायचात."

राजा बराच वेळ ताटातली शितं गोळा करत राहिला. "माझ्या बाबांनी मला दुसरं काही विचारलंच नाही कधी," तो म्हणाला. "मला वाटलं, लेकरांशी असंच बोलायचं असतं."

शरावतीनं ताटातला घास उचलला आणि त्याला भरवला. तिलाही सवय नव्हती. राजाच्या मिशा पांढऱ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी वारा टेकड्यांमागून निघाला आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात शिडांत शिरला. कोकिळा परत आली. सातव्या टेकडीपलीकडे फडताळांवरचे दगडी हात नाहीसे झाले, आणि दूरदूरच्या गावांत अंथरुणाला खिळलेल्या माणसांनी अचानक आपापल्या लेकरांच्या डोक्यावर हात ठेवले. राजानं दवंडी पिटवली: शर्यती होतील, घासही होतील, पण शर्यत वेगळी आणि घास वेगळा, ज्याला भूक असेल त्यानं यावं. पायरीवर रांग लागली. राक्षसही आला, त्याच्यासाठी पातेलं वेगळं काढावं लागलं. रांगेच्या शेवटी एक लांब दाढीचा म्हातारा मान न हलवता उभा होता.

"नाव?" राजानं विचारलं.

"आठवत नाही," म्हातारा म्हणाला. दाढीत चिमण्या चिवचिवत होत्या.

राजानं ओळखलं की नाही, सांगवत नाही. त्यानं घास मात्र जरा मोठा केला, आणि म्हाताऱ्याची मान सावरून भरवला. एक घास चिमण्यांना ठेवला.

शरावतीचं जिंकायचं वेड गेलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पुढच्याच वर्षी ती तापीशी पुन्हा पोहली, वेणीभर अंतरानं पुन्हा हरली, आणि दुपारभर गवताच्या गंजीमागे पाय आपटत बसली. पण जेवायची वेळ झाली तशी उठून घरी आली आणि बापाच्या शेजारी बसली.

"आज काय..." राजा सवयीनं म्हणाला, आणि थबकला. जीभ वळवायला त्याला थोडा वेळ लागला. "आज काय खाशील?"

शरावतीनं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की समया फडफडल्या.

"काहीही, बाबा," ती म्हणाली. "फक्त दही नको. मला ते कधीच आवडलं नाही."

राजानं चांदीच्या ताटाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि इतका हसला की टेकड्या समजून ज्यांच्यावर लोकांनी शेतं केली होती, ते हत्ती उठून उभे राहिले. त्या राज्यात त्या दिवशी जेवण उशिरा झालं, पण उपाशी कुणी निजलं नाही. तुम्हीही निजू नका.